पिशवीआडची एकादशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर उद्धवराव, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मैना सिस्टर, अन् भाषणं कवा संपतात म्हणून चहाकडे पाहून राहिलेली समस्त मंडळी, अकोटच्या पार्वताबाईचा तुमाले नमस्कार. माही शाळा दुसरीपर्यंत. चुकलं तर हसा, पण हळू.

आमच्या मालकाच्या, खुशालरावच्या, किडन्या गेल्या. पोटात नळी बसवली. पिशवीतलं औषधाचं पाणी पोटात सोडाचं, काही घंट्यानं काढाचं, दिवसातून चार खेपा, घरीच. ते काम सुनेचं, रागिणीचं. निघालेली पिशवी पाहाचं काम माहं. सिस्टरनं शिकवलं होतं, "आजी, पिशवी कॅलेंडरवर धरा. आरपार तारीख दिसली का पाणी साफ."

एका दिवशी पिशवीआडून कॅलेंडरवरची एकादशी दिसेना. पाणी ताकासारखं. मालकाले ताप, पोटदुखी, इथं भरती केलं. मी भरल्या वार्डात रागिणीले म्हटलं, "तू हात धुतले नसशीन." साबणानं तिचे हात सोलले होते. ते मले दिसले नाहीत का? दिसले.

दोन हप्ते औषधं बदलली, पाणी गढूळच. तवा सिस्टरनं मले बाकड्यावर बसवलं.

"आजी, आजोबांना आधी टीबी झाला होता?"

"नाही."

"फॉर्मवरही नाहीच लिहिलंय. मी आता फॉर्मला नाही, तुम्हाला विचारतेय."

झाला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. गोळ्या अर्ध्यात सोडल्या. नणदेची सोयरीक चालू होती, सासू म्हणे तोंड उघडू नको. सासू गेली, नणदेले नातू झाले, माहं तोंड बंदच.

सांगितलं. पोटाच्या पाण्याची तपासणी केली, टीबीच निघाला. नळी काढली, गोळ्या पुऱ्या केल्या, आता मालक हप्त्यातून तीनदा इथंच रक्त साफ कराच्या मशीनवर असतात. सध्या दुसऱ्या रांगेत बसून मना केलेला चिवडा खाऊन राहिले. ठेवा तो खाली.

हा टीबी हातानं लागला नाही, जुना होता, हे सिस्टरनं रागिणीले समजावलं. मी लपवलं होतं, हे नाही सांगितलं. मले म्हणाल्या, "ते तुम्ही सांगा." दोन वर्षं दर खेपेले सिस्टरनं नजरेनं विचारलं, सांगितलं का म्हणून. आज त्या चालल्या, म्हणून मी माईक धरला.

रागिणी, बोलली होती भरल्या वार्डात, म्हणून सांगून राहिली भरल्या हॉलात. चूक माही होती.

सिस्टर, तुमचे आभार. बोलण्यात काही उणं-जास्त झालं असन तर मंडळींनी आजच माफ करावं. रागिणी, तुले घाई नाही.