खातेदार बांग सुनदोक

(दक्षिण कोरियातलं एक खेडं, गावच्या म्हाताऱ्यांची बसायची खोली. दुपार उतरायला लागलेली. खालून तापवलेल्या जमिनीवर सुनदोक आजी, तिचा शहरातून आलेला नातू हानग्योल आणि शेजारची म्हातारी, जिला तिच्या माहेरच्या गावावरून सगळे ह्वासुनवाली म्हणतात. मध्ये उकडलेली रताळी.)

हानग्योल: आजी, तीनच मिनिटं असतात. तीन मिनिटांनी फोनवर आलेले ते आकडे मरतात.

सुनदोक: मरू देत. पुन्हा येतात म्हणालास ना?

हानग्योल: येतात, पण दोनदा मेले. तू वाचू नकोस गं सगळं. नुसतं खालच्या चौकोनावर बोट ठेव. ‘सहमत’ लिहिलंय, तिथे.

सुनदोक: मी अजून तिसऱ्या ओळीवर आहे. ‘आ-प-ली... ओ-ळ-ख...’

ह्वासुनवाली: रताळं खा रे पोरा. ही अशीच आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या शाळेत बाईंनी चार ओळींची कविता दिली, तर हिच्यापायी साऱ्या वर्गाचं जेवण निवलं.

सुनदोक: तू मात्र न वाचताच पान उलटलंस.

ह्वासुनवाली: मी चित्र बघितलं. चित्रात बदक होतं. कविता बदकाचीच असणार.

हानग्योल: आजी, चारला बस आहे. आणि सहाच्या आत हे झालं नाही तर...

सुनदोक: तर काय?

हानग्योल: काही नाही. फोनचं काम आहे, सांगितलं ना.

ह्वासुनवाली: बस की खाली! उठतोस काय, बसतोस काय. जमीन चावते का तुला?

सुनदोक: ‘...हा खेळ...’ हानग्योल, इथे खेळ लिहिलंय. फोनवाले कधीपासून खेळायला लागले?

हानग्योल: ते... असतंच तसं.

सुनदोक: ‘खातेदार, बांग सुनदोक.’ अगं बाई, ही मीच की! आणि पुढे साल आहे. खातं उघडल्याचं साल.

ह्वासुनवाली: बघू. हे साल? अगं, या साली तर तुला आणि मला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. बँकेत अंगठ्याला शाई लावायचो आपण.

सुनदोक: तेच म्हणते मी. हानग्योल, माझं नाव इथे कोणी लिहिलं?

हानग्योल: आकडे मेले. तिसऱ्यांदा.

सुनदोक: त्यांचं राहू दे. मी विचारते त्याचं बोल.

हानग्योल: मी लिहिलं. सातवीत होतो. तेव्हा रात्री बारा वाजले की लहान पोरांना गेममधून हाकलायचे, सरकारचा नियम होता. वर्गातल्या सगळ्यांनी आईबापांचे ओळख नंबर टाकून खाती काढली. माझे आईबाप तिकडे इंचॉनच्या कारखान्यात. माझ्याजवळ तूच होतीस.

सुनदोक: आणि माझा नंबर? पाकीट उघडलंस माझं?

हानग्योल: नाही गं, पाकीट नाही. पाठ होता मला. दवाखान्यात, खताच्या दुकानात, वीज कचेरीत तुझे कागद कोण भरायचं? तू मागे उभी राहायचीस आणि मी लिहायचो. बांग सुनदोक, बांग सुनदोक. माझ्या स्वतःच्या नावापेक्षा तुझं नाव जास्त वेळा लिहिलंय मी.

ह्वासुनवाली: माझेही कागद भरायचा की. काय रे, मग माझ्याही नावावर कुठे लढाया चालल्यात का?

हानग्योल: नाही आजी. तुमचा नंबर पाठ नव्हता.

ह्वासुनवाली: बघा. इथेही मला कोणी विचारलं नाही.

सुनदोक: म्हणजे तू शाळेच्या दिवशी झोपेतून उठायचा नाहीस, ते हे. आणि मी तुला काढे करून पाजले. बरं, मी करते काय तिथे?

हानग्योल: किल्ला राखतेस. मोठी टोळी आहे तुझी. पुढच्या फळीत असतेस, ढाल घेऊन.

सुनदोक: या गुडघ्यांनी?

हानग्योल: तिथे गुडघे चांगले आहेत तुझे. आजी, ऐक. खातं तुझ्या नावावर म्हणून वयही तुझंच दिसतं. पहिल्या दिवसापासून सगळे मला आजी म्हणतात. सुनदोक आजी. आधी चिडवायला म्हणायचे, मग तसंच पडलं. मीही तुझ्यासारखंच बोलायला लागलो. कोणी नवा आला की विचारायचं, जेवलास का? कोणी हरून रडायला लागला की म्हणायचं, ऊठ, नाक पूस, भात निवतोय.

ह्वासुनवाली: अगदी हिचंच बोलणं!

हानग्योल: हजारो लोक ओळखतात तिला तिथे. आता कंपनीने नियम बदललाय. जुन्या खात्यांच्या मालकांनी स्वतःच्या फोनवरून ओळख पटवायची. आज सहापर्यंत. नाही पटवली की खातं बंद. सगळं संपलं.

सुनदोक: आणि हे लाल अक्षरात काय आहे? ‘अ-प-श-ब्द... वा-प-र-ल्या-ब-द्द-ल... तीन वेळा ता-की-द.’

हानग्योल: ते सोड ना.

सुनदोक: माझ्या नावाने शिव्या दिल्यास तू?

हानग्योल: शिव्याही तुझ्याच होत्या, आजी. ‘मेल्या, तुला पटकी येवो.’ कोंबड्यांमागे लागलेल्या कुत्र्याला द्यायचीस ती.

ह्वासुनवाली: मग ताकीद हिलाच मिळायला हवी होती. बरोबर आहे कंपनीचं.

सुनदोक: तू गप. फोन दे इकडे. सगळं वाचणार मी आता.

हानग्योल: आजी, जगात कोणी वाचत नाही हे! असल्या अटी वाचायला माणसं जन्माला येत नाहीत.

सुनदोक: असं? मग दर शुक्रवारी इंटरनेटवरच्या तुझ्या त्या कार्यक्रमात शेवटी हात वर करून कोण ओरडतं? ‘वाचल्याशिवाय सहमत दाबू नका! ते आपल्या आळसावर जगतात!’

हानग्योल: तू... माझा कार्यक्रम बघतेस?

सुनदोक: वाचते. तू बोलतोस तसं खाली पट्टीवर लिहिलेलं येतं ना, त्यावर मी वाचायचा सराव करते. एक ओळ आली की थांबवते, वाचते, मग पुढे. तुझं एक भाषण मला आठवडाभर पुरतं.

ह्वासुनवाली: मलाही ऐकवते. परवाचं काय ते, विकत घेतलेला खेळ कंपनीने बंद केला म्हणजे...

सुनदोक: ‘...म्हणजे दुकानदाराने घरात शिरून आपला भाताचा कुकर उचलून नेला.’ ते मला पटलं. आणि तो फोन, ज्याची बॅटरी आपल्याला बदलता येत नाही, त्याच्यावर तू चिडलास, तेही पटलं. वस्तू आपली आणि किल्ली त्याच्याकडे, हे कुठलं मालकपण?

ह्वासुनवाली: माझ्या किमची लोणच्याच्या फ्रिजने परवा विचारलं, नव्या अटींशी सहमत आहात का? मी म्हटलं, मेल्या, तू आधी थंड हो.

सुनदोक: आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी काय म्हणालास? ‘तुमचं नाव आणि तुमचा नंबर म्हणजे तुमच्या घराचा उंबरा. विचारल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकलं तर तो चोर. मग तो कितीही गोड बोलो.’ म्हणालास ना? दोन दिवस लागले मला ती ओळ वाचायला. मी म्हटलं, केवढं शहाणं झालंय माझं पोर.

हानग्योल: आजी...

सुनदोक: आता मागव आकडे. बोट कुठे ठेवायचं ते मी ठरवीन.

हानग्योल: मागवले.

सुनदोक: ‘हे खातं... मी स्वतःच... वापरते. दुसऱ्या कोणालाही... वापरायला दिलेलं नाही.’ हे खोटं आहे.

हानग्योल: सगळेच दाबतात. नुसता चौकोन आहे तो.

सुनदोक: माझ्यासाठी नाही. मी अंगठे उठवले तोवर कागदावर काय लिहिलंय याचा दोष मला नव्हता. दुसऱ्याने वाचून सांगितलं ते खरं धरायचं. आता मला वाचता येतं. आता खोट्याखाली माझं नाव आलं तर तो माझा दोष.

हानग्योल: मग माझं बारा वर्षांचं सगळं जाऊ दे? माझी माणसं आहेत तिथे. शाळेत मला कोणी विचारत नव्हतं, आईबाप वर्षातून दोनदा दिसायचे, तेव्हा तीच होती. एका चौकोनापायी?

ह्वासुनवाली: ओरडू नकोस रे. हिचा रक्तदाब चढेल.

सुनदोक: थांब. ही पुढची ओळ. ‘खा-ते-दा-रा-चा... मृ-त्यू... झाल्यास खातं कायमचं पुसलं जाईल. ते वारसांना मिळणार नाही.’ तुला हे माहीत होतं?

हानग्योल: हो.

सुनदोक: कधीपासून?

हानग्योल: वसंतात त्यांचं पत्रक आलं तेव्हापासून.

सुनदोक: वसंतापासून. दर रविवारी तुझा फोन येतो तोही वसंतापासूनच. ‘आजी, रक्तदाबाची गोळी घेतलीस का?’ मी या हिला सांगत बसते, माझा नातू बघ, एक रविवार चुकवत नाही.

ह्वासुनवाली: सांगते. ऐकून ऐकून माझे कान किटले.

सुनदोक: बोल की. आता का तोंड शिवलं?

हानग्योल: काय बोलू? पहिला फोन त्यासाठीच केला होता. खोटं नाही बोलत. तू म्हणालीस गोळी घेतली, मला हायसं वाटलं आणि मी फोन ठेवणार होतो. तर तू लसणीच्या वाफ्याचं सांगायला लागलीस, मग ह्वासुन आजींचं कुत्रं मेलं ते. तास गेला. पुढच्या रविवारी खात्याची आठवणही नव्हती मला. आता फोन केला नाही तर रविवार आला असं वाटतच नाही. तू मान, न मान.

ह्वासुनवाली: माझ्या कुत्र्याचं ऐकून घेतलं याने. माझ्या मुलाने नाही घेतलं.

सुनदोक: ...आकडे मेले का?

हानग्योल: केव्हाच.

सुनदोक: मग ऐक. ‘मी स्वतःच वापरते’ हे वाक्य खरं करायची एकच वाट दिसते मला. खातं माझ्या नावाचं. वय माझं. बोलणं माझं. शिव्याही माझ्या. मग आत मीच जाते. आजपासून ते खातं मी वापरणार. तू नाही.

हानग्योल: तू? आजी, तुला चालवता येणार नाही ते!

सुनदोक: पोटॅटो वेफर्सचं पाकीट उघडता येत नव्हतं मला, तेही शिकले. तुला दोन वाटा आहेत. सहा वाजता ते सगळं पुसू दे, नाहीतर मालकिणीच्या हाती दे. तुझी माणसं तरी राहतील तिथे.

हानग्योल: आणि मी?

सुनदोक: तू स्वतःच्या नावाने ये.

हानग्योल: स्वतःच्या नावाने म्हणजे पहिल्या पायरीवरून. हातात काठी, अंगावर फाटका सदरा. कोणी ओळखणार नाही मला.

सुनदोक: मी ओळखीन. विचारीन, जेवलास का म्हणून.

ह्वासुनवाली: चारची बस आली बघ. आता पळालास तर मिळेल.

हानग्योल: ...जाऊ दे बस.

ह्वासुनवाली: गेली.

हानग्योल: आजी, आकडे मागवतो. आता ते वाक्य खरं आहे. टिचकी मार. हं. आता ही सहा आकड्यांची रांग इथे लिही.

सुनदोक: आठ... एक... चार... घाई करू नकोस, तुझा श्वास लागतो मला... झालं. हिरवं काहीतरी आलं.

हानग्योल: झालं. तूच तू आहेस असं मानलं त्यांनी. आता पासवर्ड बदल. तुझा तू घाल.

सुनदोक: कुठला घालू?

हानग्योल: मला सांगायचा नाही. कोणालाच सांगायचा नाही. मी तोंड फिरवून बसतो.

ह्वासुनवाली: मलाही नाही?

सुनदोक: तुला तर मुळीच नाही. सगळ्या गावाला कळेल.

हानग्योल: घातलास? लक्षात राहील?

सुनदोक: पाच वर्षं शाळेत गेले ते काय बदकं बघायला? आता दाखव कुठून शिरायचं.

हानग्योल: हा माझा लॅपटॉप जवळ घे. हे दार. हा किल्ला. आणि ही तू.

ह्वासुनवाली: अगं बाई! केवढी उंच! आणि केस किती गं तुझे!

सुनदोक: हे खाली काय धावतंय?

हानग्योल: तुझी माणसं बोलतायत. सकाळपासून वाट बघतायत, खातं वाचलं का म्हणून. ‘आजी आली, आजी आली’ लिहितायत.

सुनदोक: एवढी सगळी? कुठे लिहायचं मी?

हानग्योल: या पट्टीत. काय लिहिणार?

सुनदोक: दुसरं काय लिहिणार? ‘जे... व... ला... त... का...’ तो प्रश्नाचा आकडा कुठे असतो रे? शाळेत तर हाताने काढतो आम्ही.

हानग्योल: उजवीकडे, खाली. हं. आता पाठव.

सुनदोक: गेलं?

हानग्योल: गेलं. एकाने उत्तर दिलंय. ‘आजी, आज इतकी हळू का लिहितेस?’ दे, मी पटकन सांगतो त्याला...

सुनदोक: बोट लावू नकोस. मीच लिहिते.

हानग्योल: बरं. सावकाश लिही. थांबतील ते.