पंचक लागायच्या आधी का नंतर

(घाटंजीतल्या जोशीमहाराजांच्या घराची ओसरी, सकाळ. महाराज पंचांग घेऊन बसले आहेत. पायरीवर भगवानराव आणि त्यांचा मुलगा अमर.)

महाराज : वर या ना, भगवानराव. पायरीवर कायले बसले?

भगवानराव : सुतक हाये, महाराज. तेरवी व्हायची हाये अजून.

अमर : मी मोबाईलवर पाह्यलं, महाराज. आई गेली त्या दिवशी पंचक दाखवते.

महाराज : मग शांतीही मोबाईलकडूनच करून घे बाप्पा.

भगवानराव : मनावर नका घेऊ. त्याची बायको, समीक्षा, दिवसात हाये. मागचं लेकरू पोटातच गेलं तिचं. भेऊन राह्यली ते.

महाराज : मोबाईल खोटं नाही सांगत. त्या दिवशी पहाटे चंद्र कुंभेत गेला, पंचक लागलं. पंचकात माणूस गेलं तर घरातलं आणखी कोणी जाते, असं मानतात. म्हणून शांती करायची आणि माणूस ज्या घरात गेलं ते घर सहा महिने बंद ठेवायचं. आत दिवासुद्धा लावायचा नाही.

भगवानराव : अन् मी?

अमर : तुम्ही यवतमाळले, आमच्या खोलीवर. कितीक वेळा सांगितलं.

भगवानराव : तिथं काय करू मी? गॅलरीत उभं राहून लोकायचे वाळत घातलेले कपडे पाहू?

अमर : घरी तरी काय करून राह्यले? तिच्या खाटेजवळ बसता न उठता.

भगवानराव : खाट तरी हाये तिथं. महाराज, एक विचारू काय? चंद्रानं मारलं का तिले?

महाराज : चंद्र कोणाला मारत नाही. कपाशीच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग येतो, तेव्हा पान लाल होते. पानानं झाड मरते का? आत जे बिघडलं, ते पान बाहेर दाखवते. ग्रह तसेच. माणूस मागच्या जन्माचं जे घेऊन येते, ते वर दिसते. एवढंच शास्त्र आहे.

भगवानराव : तिनं असं काय आणलं होतं? भांडायलेही येत नव्हतं तिले. मीच भांडो, मीच चूप बसो.

महाराज : ते मला दिसत नाही.

भगवानराव : आमची पत्रिका तुमच्या वडलांनी जुळवली. म्हणे, दोघायचं आयुष्य मोठं हाये.

महाराज : मोठं म्हणजे किती, ते सांगितलं नसेल त्यांनी.

भगवानराव : नाही. आम्हीही नाही विचारलं. तवा कोण विचारते? अन् आणलेलं भोगाच लागते, त शांती कायले करायची?

महाराज : आणलेलं भोगायचं. पण आज हातानं करतो, तेही कर्मच. शांती त्यासाठी.

भगवानराव : फरक पडते काय?

महाराज : माझे वडील हो म्हणायचे. मी करत आलो.

भगवानराव : म्हणजे तुम्हालेही ठाऊक नाही.

महाराज : आता मुद्द्याचं सांगा. इंदूबाई गेल्या कधी? तांबडं फुटायच्या आधी गेल्या असतील, तर पंचक नाही. घर सोडायचं कामच नाही.

अमर : अंधारातच गेली न, बाबा?

महाराज : जवळ कोण होतं?

भगवानराव : मीच होतो.

महाराज : मग तुम्ही म्हणाल ती वेळ मी धरतो.

भगवानराव : अन् म्या आधीची सांगितली, त चंद्र मागं सरकन काय?

महाराज : चंद्र कायले सरकते? तुम्ही तुमच्या घरात राहाल, एवढंच.

अमर : सांगा न, बाबा. समीक्षाले मी समजावतो.

भगवानराव : रातभर ते बोललीच नाही. मंग डोळे उघडले. म्हणे, उजाडलं वाटते, तुम्ही चहा नसन घेतला. म्या म्हणलं, घेतो. गॅसवर आधण ठेवलं न आलो, त झालं होतं.

महाराज : उजेड होता?

भगवानराव : तिचं तोंड दिसे मले.

महाराज : भगवानराव, मी अजून काही लिहिलं नाही.

भगवानराव : लिवा. पंचकातच गेली.

महाराज : विचार करून सांगता ना?

भगवानराव : लिवा, महाराज.

महाराज : तेरवी झाली की शांती करू. त्याच दिवशी कुलूप लावा. मधातून कोणी उघडायचं नाही, सामान राह्यलं म्हणूनही नाही.

भगवानराव : अन् सहा महिन्यांनी?

महाराज : मग उघडा. राहा.

भगवानराव : एकटाच.

महाराज : हो. त्यावर शांती नाही, भगवानराव.

अमर : चला, बाबा. बस निघून जाईन.

भगवानराव : चाल.

अमर : (रस्त्यावर आल्यावर) येताना त तुम्ही मले म्हणे, का अंधारातच गेली म्हणून सांगतो.

भगवानराव : हो. तसंच सांगाचं होतं.

अमर : मंग?

भगवानराव : तसं सांगितलं असतं, त मंग ते मले चहाचं बोलली कवा?