ओव्हनच्या मागे नको

नाही नाही, वायरमनदादा, तिथे बटणासाठी भोक पाडू नका — कागदावर तिथेच दाखवलंय, ठाऊक आहे मला, मुलाने माझ्यासमोरच खूण केली — पण ओव्हन एकदा कपाटात बसला की त्याच्यामागे हात कुणाचा जाणार? तुमचा जाईल? माझा तर मुळीच नाही. इकडे घ्या, ओट्याच्या वर, उघड्या भिंतीवर. शेगडीच्या डोक्यावरही नको, बाजूला — काही पेटलं तर जाळावरून हात न्यायचा का? फ्रिजचा स्विच वेगळा, भांडी धुवायच्या मशीनचा वेगळा, ओव्हनचा वेगळा, आणि प्रत्येकावर नाव घाला, चांगलं ठसठशीत. वाईट दिसेल? दिसू दे. डोळ्यांना काय, सवय होते.

त्याला मी सांगते, तुम्ही नका काळजी करू. माझं ऐकतो तो. मुलगा म्हणजे पुतण्या हो, जावेचा मुलगा — पण बोबडं बोलत होता तेव्हापासून माझ्याच हाताखाली वाढलाय, मोठी आई म्हणतो मला. आता लग्न झालंय, बायको हौशी, केक करते, म्हणून हा ओव्हन. पोरगी गोड आहे. फक्त भांडी विसळता विसळता तशाच निथळत्या हातांनी फ्रिज उघडते — मी धावत जाऊन टॉवेल देते, तर हसते. म्हणते, मोठ्या आई, तुम्ही किती घाबरता! तीही अश्शीच हसायची —

ती म्हणजे? जाऊ माझी. धाकटी म्हणायचे सगळे तिला. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, झालं, आता घरात दोन चुली. पण कसचं काय — अशी गट्टी जमली आमची की सासूबाई म्हणायच्या, या दोघींना एका कामाला लावू नका, हसण्याच्या नादात भाजी करपवतात. ओव्हन आणला तोही तिनेच, हट्ट करून. लोखंडी धूड नुसतं. दिरांनी स्वतःच्या हाताने कपाट करून आत बसवला, वायर मागे, बटण मागे, पुढून कसं चकाचक. शेजारपाजारचे बघायला यायचे.

दुपार होती. मी तांदूळ निवडत बसलेले. ती ओल्या फडक्याने ओव्हनचं दार पुसत काहीतरी सांगत होती — कुणाच्या तरी चपलांची गंमत — आणि बोलता बोलता थांबली. मला वाटलं, आठवतेय. मान वर केली तर हात दाराला चिकटलेला, तोंड माझ्याकडे. ओरडली नाही हो. ओरडली असती तर — तर काय? काही नाही. मागची वायर उंदराने कुरतडलेली, हे नंतर कळलं. बटण कुठे? तिच्या पलीकडे, त्या धुडाच्या मागे. तिला शिवल्याशिवाय जाताच येईना. आणि तेवढ्यात हा, आई म्हणून दारातून धावत सुटला. मी वरच्यावर उचलला त्याला. असा कडकडून चावला मला, इथे, मनगटाच्या वर — तुम्हाला नाही दिसणार, मला दिसतं. तसाच काखेत मारला आणि जिना उतरले, मेन स्विच खाली, मीटरच्या खोलीत — पाठ फिरवली हो मी. तिचे डोळे माझ्यावर होते आणि मी पाठ फिरवली.

डॉक्टर म्हणाले, हात लावला असतात तर तुम्हीही गेला असतात. दीर म्हणाले, वहिनी, माझं पोर वाचवलंत तुम्ही. सगळे बरोबरच बोलतात. मलाही पटतं. पण ती काही गेली नाही, दादा. घर बदललं, गाव बदललं, ती आली बरोबर. जिथे म्हणून लोखंडी दार असेल, तिथे उभी असते, तोंड माझ्याकडे करून. भूतबीत काही नाही, घाबरू नका. रागही नसतो तिच्या चेहऱ्यावर. वाक्य अर्धं राहिलंय ना, तशी उभी. मी तिथून जाताना अंग चोरून जाते — तिला धक्का लागू नये म्हणून. इथला ओव्हन तर अजून खोक्यातच आहे, तरीही — तुम्ही जरा डावीकडे सरकून उभे राहा बरं. हां. असे.

त्याला? त्याला नाही माहीत. हृदय बंद पडून आई गेली, एवढंच सांगितलंय आम्ही. खोटं नाहीच ते, हृदयच बंद पडलं. दीर जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, कपाट मी केलं होतं हे त्याला कळू देऊ नका. आणि आता हा कागद बघा — हुबेहूब तेच कपाट! वायर मागे, बटण मागे. बापाने कधी दाखवलं नाही, मी कधी बोलले नाही, मग याच्या हाताला हे कुणी —

तुमचा फोन वाजतोय. त्याचाच आहे ना? द्या इकडे.

हां, मीच बोलतेय. हो, मीच सांगितलं, बाहेर बसवा म्हणून... नाही, राहू दे तुझं दिसणं... का म्हणजे? अरे, का म्हणजे — ऐक, संध्याकाळी लवकर ये. तुझ्या आईचं सांगायचंय... नाही, फोनवर नाही. बायकोलाही घेऊन ये बरोबर, तिनेही ऐकलेलं बरं... रडत नाहीये मी. ठेव आता.

घ्या फोन. असे बघत काय राहिलात? चालू करा तुमचं मशीन. मी बाहेर बसते, झालं की हाक मारा — नाही, हाक नका मारू. दार ओढून घ्या आणि जा.