सकाळी न चालणारं मशीन

पापडीहून बस सुटली तेव्हा रचना डुलकी काढायच्या तयारीत होती. पुढच्या सीटवर एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेला पंप मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी आजी.

"पंप चांगला आहे, मी सांगते."

"मग दांडा पुढे का सरकत नाही? परवा मुलाची हळद, जेवण चुलीवर, आणि लाकडं अजून फोडायची पडलीत."

"दुपारी सरकतो की."

"तेच तर. भंगारातला सिलिंडर आणून मी घरी बनवलेलं लाकडं फोडायचं मशीन. दुपारी आंब्याचा ओंडका शहाळ्यासारखा फोडतं आणि सकाळी ढिम्म. पाइप बदलला, सील बदललं, हवा काढली."

"थंडी पडलीय ना."

"थंडीत हायड्रॉलिकचं तेल गोठतं होय?"

"ते नाही गोठत."

"मग?"

"तुम्ही पाचूबंदरला मासळी आणायला गेलेलात, तेव्हा मशीनच्या तेलाची टाकी निम्मी दिसली. मी भरली."

"कशाने?"

"आपल्याच वाडीतल्या नारळाच्या तेलाने. घाण्यावरचं, एकदम शुद्ध."

रचनाची झोप उडाली. तिने ओढणी तोंडावर दाबली.

"खोबरेल? माझ्या मशीनमध्ये?"

"म्हणून तर ऊन लागलं की चालतं."

"किती ओतलंस?"

"होता तेवढा डबा."

आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला. खिडकीच्या वाऱ्यावर त्यांचे पांढरे केस भुरभुरत होते.

"आणि मी डोक्याला मागितलं, तर संपलं म्हणालीस."

"संपलंच होतं. आणि मशीन अडलं असतं हो. तुमचं डोकं कोरडंही चालतं."