बनाबाईचं चाक

बनाबाई : डोळे मिटा म्हटलं नं. मिटून मंग हात लावा.

पुंजाजी : अवं, काय लहान लेकरावानी! मिटले, घे.

बनाबाई : हं. आता सांगा, कोणाच्या हातचं मडकं हाये?

पुंजाजी : डाव्या हाताले काय समजते? थांब... कच्चं हाये, अजून भाजलं नाई. बूड जड ठेवलं. नवा माणूस दिसते, बूड पातळ कराले भेला. पोट बी एकीकडं जरासं सुटलं. पण काठ! काठ लय गोड वळवला वं. कोण हाये हा?

बनाबाई : पयले माती वळखा.

पुंजाजी : माती आपल्या गावतळ्याची. ते का सांगा लागते? पण उंद्रीत माह्याशिवाय दुसरा कुंभार आला कुठून?

बनाबाई : उघडा डोळे. माह्या नखांत पाहा.

पुंजाजी : बना... तू चाकावर बसली?

बनाबाई : होळी झाली तवापासून. तुमी दुपारी गोळी घेऊन झोपता, तवा.

पुंजाजी : बाईनं चाकावर बसू नये, माय सांगे माही. भट्टी फुटते म्हणे.

बनाबाई : बत्तीस वर्षं तळ्याची माती कोणं खणली? वरची भेगाळलेली ढेपलं काढून, कमरेइतकं खाली उतरून, लोण्यावानी काळी माती लागेपर्यंत? मी. डोक्यावर आणली मी, भिजवली मी, राख मिसळून तुडवली मी, खडे येचले मी. तवा नाई फुटली भट्टी. अन् आखरीले चाकावर हात ठेवला त फुटते?

पुंजाजी : मले सांगतलं काऊन नाई?

बनाबाई : आज बी सांगत नोती. पण उद्या दीपक जानेफळवरून टेम्पो घेऊन येऊन राह्यला, चाक न्याले. पुतण्याले देऊन टाकलं तुमी, मले एका शब्दानं न विचारता.

पुंजाजी : मंग काय करू? लकवा झाला तवापासून हा उजवा हात खुंटीवरच्या पिशवीवानी लोंबते. सकाळी डोळा उघडला का समोर चाक. हालत नाई, बोलत नाई, माह्याकडं पाह्यत राह्यते. मले वाटे, वाट पाहून राह्यलं माही. अन् मी त काई येत नाई. म्हणून म्हटलं, घेऊन जा बापा. अन् आता तू सांगतं, ते माही वाट पाहतच नोतं. तुह्यासंगं फिरत होतं.

बनाबाई : असं नोका बोलू. पयले पंधरा दिवस ते माह्यासंगं बी नोतं. गोळा ठेवला का उडे, भितीले जाऊन चिपके. तुमी उठाच्या आत रोज भीत पुसली मी.

पुंजाजी : तरी म्हटलं, बिना पाण्याची भीत ओली काऊन दिसते.

बनाबाई : मंग एक दिवस, चैताच्या उन्हातली गोष्ट. सारं गाव चूप. कुत्रं बी बोलत नोतं. मी गोळ्यावर दोनी हात ठेवले, अन् त्याचं उडणं बंदच झालं. चाक फिरते, घर फिरते, दारातला लिंब फिरते, अन् हाताखाली काई तरी एकदम ठाय, हालतच नाई. मले वाटलं, मी तळ्याच्या बुडाशी बसली. पाणी डोक्यावरून वाह्यते, उजेड हिरवा-हिरवा, मासोळ्या कानाजवळून जाते. भेव नाई लागलं. किती वेळ बसली, देवाले मालूम. हात काढला त वाटी झाली होती.

पुंजाजी : हिरवा उजेड?

बनाबाई : हासू नोका.

पुंजाजी : हासत नाई. मले तो पिवळा दिसे.

बनाबाई : काय म्हणता?

पुंजाजी : चाळीस वर्षं दिसला. पिकल्या ज्वारीच्या वावरात बसल्यावानी. चारीकडून धांडे हालते, पानं सळसळते, अन् मी मधात. कोणी हाक मारली त आवाज लय दुरून आल्यावानी वाटे. बापाले सांगतलं नाई, तुले बी नाई. मले वाटे, माह्याच डोक्यात काई कमीजास्त हाये.

बनाबाई : बत्तीस वर्षं एका घरात राहून तुमी मले ज्वारी सांगतली नाई!

पुंजाजी : तू त तळं लपवलं.

बनाबाई : अजून दिसते का ते वावर?

पुंजाजी : जागा असलो का नाई दिसत. झोपेत जातो कदी कदी.

बनाबाई : मले मालूम हाये.

पुंजाजी : तुले कसं मालूम?

बनाबाई : झोपेत तुमचा हा डावा हात हालते. अंगठा आत, दोन बोटं बाहेर, हळूच वर येते, अन् वर आले का जरासे बाहेर झुकते. मी पाय पोटाशी घेऊन बाजूले बसून पाह्यलं, किती तरी दुपारा. चाक कोणं शिकवलं म्हणान, त झोपेत तुमीच शिकवलं. तो काठ तठूनच आला.

(पुंजाजी मडक्याच्या काठावरून पुन्हा बोट फिरवतो.)

बनाबाई : रागावले?

पुंजाजी : दीपकले फोन लाव.

बनाबाई : काय सांगू त्याले?

पुंजाजी : सांग, टेम्पो नोको आणू. चाक रिकामं नाई.

बनाबाई : अन् भावकी? नावं ठेवतीन.

पुंजाजी : ठेवू दे. भट्टी लावू आपण, अन् पाहू. भट्टी भावकीचं आयकत नाई, मातीचं आयकते. ऊठ, बस तठी. बूड पातळ कसं करा लागते ते दाखवतो. काठी दे मले.

बनाबाई : डाव्या हातानं फिरवसान? चाक जड हाये.

पुंजाजी : मालूम हाये मले, केवढं जड हाये ते. फिरवाले एकच हात लागते.

(काठी चाकाच्या खाचेत बसते. चाक आधी अडखळत, मग एकसारखं फिरू लागतं.)

पुंजाजी : खांदे सोड. दम नोको धरू. आता अंगठा खाली जाऊ दे... अजून... आणखी केसभर. बस, तठीच थांब.

बनाबाई : बूड फाटीन नं!

पुंजाजी : फाटलं त फाटलं. तळं काई आटत नाई आपलं.

बनाबाई : थोडं जोरानं फिरवा.

पुंजाजी : हे घे.

शालूबाई : कुंभारदादा, हाव का घरी? मी शालू, वरच्या आळीतली. अक्षयतीज, आपली अखजी, आठ रोजावर आली न् जी. सासू गेल्यावरची पयलीच अखजी हाये, तिच्या नावानं घागर भरा लागते. लोक म्हणते, पुंजाजीचा हात गेला, आता प्लास्टिकचीच भर. मन नाई होत, दादा. करसान का एखांदी?

पुंजाजी : मले नोको विचारू, शालू. कुंभार तठी बसला हाये. हात ओले हायेत त्याचे, टेक जराशी.