एक्केचाळिसावं पाकीट

…आणि वर मलाच विचारते, ‘बाबा, पाकीट तुमच्यासमोर उघडू का?’

म्हणजे बघा. नात माझी आत कळा सोसतेय, मी बाहेर बाकड्यावर, आणि ही सिस्टर खाकी पाकीट घेऊन उभी. चिकटवलेलं, वर सही, आणि आकडा एक्केचाळीस. मी म्हटलं, काय आहे यात? म्हणे चिठ्ठी. मेघनाच्या कंबरेला गरम शेक द्यायचा की नाही, ते त्या चिठ्ठीत लिहिलंय.

तुम्हाला सांगतो, चिठ्ठीचं मला कुणी शिकवू नये. लालबागला आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत आरतीचा मान कोणत्या दिवशी कोणत्या घराला, याच्या चिठ्ठ्या चव्वेचाळीस वर्षं माझ्यासमोर निघतात. स्टीलचा डबा, एका मापाचे कागद, डोळ्यांवर फडकं बांधलेलं लहान पोर. एका वर्षी आमचा सेक्रेटरी विकास हळूच आला, ‘रामभाऊ, नगरसेवक साहेबांना आमच्या मानाच्या आरतीला पहिल्याच दिवशी यायचंय हो, डबा जरा परत हलवा ना.’ मी म्हटलं, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. साहेब सातव्या दिवशी आले. विकास दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. बरं झालं, तेवढीच शांतता. गिरणी गेली, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत अर्ज भरलाय, तिथं अजून नंबर नाही. तिथंही मी कुणाला म्हटलं नाही की पुन्हा काढा.

पण आरतीचा मान वेगळा आणि पोरीच्या कळा वेगळ्या, हे सांगायला काय शाळा शिकावी लागते?

मेघनाची आई ती तीन वर्षांची असताना गेली. माझ्या बायकोनं, रखमानं, तिला वाढवलं. रखमाही गेली, तीन वर्षं झाली. नातजावई प्रितेश कामासाठी पुण्याला, निघाला तो घाटात अडकला. म्हणजे राहिलो मी. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, त्याला आत सोडत नाहीत. आणि मला ठाऊक आहे की कळांना शेक चालतो. रखमा चाळीतल्या बायांना द्यायची. मालवणची ती. म्हणायची, ‘मीठ भाज, पुरचुंडी बांद, कमरेक शेक दी. कळ उतरता मगे.’ झालं. त्याला पाकीट नाही, सही नाही.

हे मी सिस्टरला सांगितलं. अनुजा तिचं नाव, शीव कोळीवाड्याची पोर, पुढचं शिक्षण घेतेय. एवढी दमलेली, पण आवाज चढला नाही. म्हणाली, ‘बाबा, माझी आजीपण शेक द्यायची. म्हणून तर मी संशोधनाला हाच विषय घेतला. साठ बाया. तिसांना शेक, तिसांना आपलं नेहमीचं, चालवणं, श्वास, आणि औषध लागलं तर डॉक्टर आहेतच. दर अर्ध्या तासाला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय. साठ झाल्या की मोजायचं.’

मी म्हटलं, मग तूच ठरव ना कुणाला द्यायचा. चिठ्ठी कशाला?

‘मी ठरवलं तर जी जास्त रडते तिला देईन. मग शेकानं फरक पडला की माझ्या मायेनं, कसं कळणार?’

हेच मी विकासला सांगितलं होतं, चाळीच्या भाषेत. म्हटलं, फोड. फोडलं. आत कागद, कागदावर दोन शब्द. ‘शेक नाही.’

तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्षांत माझा एकदा नंबर लागला, तो असा.

मी म्हटलं, दुसरं पाकीट दे. म्हणाली, नाही बाबा. म्हटलं, बेचाळिसावं दे, हे पुढच्या बाईला दे. म्हणाली, ‘ती पण कुणाची तरी नात आहे.’ मग म्हणाली, ‘फॉर्मवर लिहिलंय, मेघना कधीही बाहेर पडू शकते. तिनं यात राहायचं नाही म्हटलं की त्याच क्षणी मी स्वतः शेक देईन. पण ते तिनं म्हणायचं. तुम्ही नाही.’

प्रितेशला फोन लावला. घाटातून ओरडतोय, ‘आजोबा, मेघनानं सही केलीय ना? मग ते प्रोसेसप्रमाणे करतात.’ म्हटलं, प्रोसेस तुझ्या ऑफिसात. ठेवला फोन.

आणि दाराआडून ऐकू येतंय सगळं. अनुजाचा आवाज, ‘मेघना, आता किती?’ ‘पाच.’ अर्ध्या तासानं, ‘आता?’ ‘सहा.’ मग एकदम ‘आठ.’ तुम्ही कधी बाकड्यावर बसून आपल्या पोरीचं दुखणं आकड्यात ऐकलंय? लिफ्टचा आकडा चढतो तसं. आणि मी इथं, रिकाम्या हातानं.

उठलो. खाली गेटसमोर ऑम्लेटपावची गाडी. त्याला म्हटलं, वाटीभर मीठ तव्यावर भाजून दे. तो म्हणतो, ‘काका, नुसतं मीठ? अंडं?’ म्हटलं, अंडं तू खा. मीठ भाजलं, रखमाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पिशवीत होता, सकाळीच घेऊन निघालो होतो, त्यात बांधलं. हाताला चटके बसत होते. तीन जिने चढलो, लिफ्टची वाट बघितली नाही, मीठ थांबत नसतं.

वर आलो आणि आतून, ‘नऊ.’

दाराशी मनू मावशी, वॉर्डातली आया. तिला म्हटलं, मावशी, हे मेघनाला दे, कंबरेखाली ठेव, सिस्टरला सांगू नको. ती माझ्याकडे बघते, पुरचुंडीकडे बघते. ‘काका, ह्याला कांद्याचा वास येतोय.’ म्हटलं, वासाला काय करायचंय, उष्णता बघ. ‘सिस्टर मला ओरडतील.’ म्हटलं, माझं नाव सांग. नाव सांग म्हटलं मी, ऐकताय ना? हा मी, डबा परत न हलवणारा.

ती पदराखाली घेऊन आत गेली. दार लागलं.

आणि मग आवाज बंद. नऊनंतर आकडाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोण धावत गेलं, ट्रॉली गेली, डॉक्टरीण आत गेली. आता चिठ्ठीचं मला कुणी शिकवू नये, पण त्या दहा मिनिटांत मला काय आठवलं सांगू? तिसऱ्या माळ्यावरची एक बाई. रखमा तिला दुपारभर शेक देत बसली होती. कळ उतरेना. रखमा म्हणत होती, उतरता मगे, उतरता मगे. टॅक्सीत घालेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली, मूल नाही. शेकानं झालं असं नाही, डॉक्टरनंही तसं म्हटलं नाही. पण ज्यांना उतरलं त्यांची नावं रखमा सांगायची, तिचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. मीही नाही. आणि आज मी तेच मीठ घेऊन, न विचारता, आत पाठवलेलं. आत काय चाललंय मला ठाऊक नाही, डॉक्टरिणीला ठाऊक नाही की पोरीच्या कंबरेखाली काय आहे.

उठलो, दारावर हात मारला. मावशी, म्हटलं, काढ ते. बाहेर आण.

दार उघडलं. मनू मावशी. हातात पुरचुंडी. गाठ तशीच, मी मारलेली.

‘ठेवू दिली नाही तिनं,’ म्हणाली. ‘बघितली, वास घेतला, लुगडं ओळखलं, जरा रडली. सिस्टरपण म्हणाल्या, मेघना, हवा असेल तर आत्ता देते, गरम पाण्याची पिशवी तयार आहे, माझ्या कामाचा विचार करू नको. ती नाही म्हणाली. मला म्हणाली, आजोबांना सांग, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.’

बसलो मी. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. डोळ्यांवर फडकं बांधून डब्यात हात घालणारं ते लहान पोर… पाच वर्षांची होती तेव्हापासून बारापर्यंत, ते पोर म्हणजे मेघना. विकासला मी नाही म्हटलं तेव्हा ती शेजारीच उभी होती. मला वाटलं, खेळतेय.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. तीन किलोला जरा कमी. डॉक्टरीण घाईनं गेली होती ती मूल लवकर उतरत होतं म्हणून, दुसरं काही नाही. मेघना ठीक. मला दुरून दाखवली, पोरीची मूठ घट्ट आवळलेली, आत चिठ्ठी असल्यासारखी.

मी परत बाकड्यावर. सकाळपासून त्या लोखंडी बाकड्यावर बसून माझी कंबर धरलेली, वर ते तीन जिने. पुरचुंडी अजून कोमट होती. टाकून द्यायची? रखमाचं लुगडं. घेतली मागे, कंबरेला लावली, टेकून बसलो.

अनुजा बाहेर आली. टोपी काढलेली, डोळे लाल. मला वाटलं आता बोलेल, मावशीकडून चोरून पाठवलंत म्हणून. ती बसली शेजारी. नाक वर करून म्हणते, ‘बाबा, ऑम्लेट?’ मी म्हटलं, मीठ. माझी कंबर. म्हणाली, ‘किती दुखतंय? शून्य ते दहा?’ विचारते कशी, सवयीनं.

मी नीट विचार करून सांगितलं. खोटं कशाला बोलू. म्हटलं, मघाशी आठ. आता तीन.

ती हसली, दिवसात पहिल्यांदा. मी म्हटलं, हसतेस काय, वही काढ. आठाचे तीन झाले. लिही. रखमाच्या नावानं लिही.

म्हणाली, ‘नाही लिहिता येणार, बाबा. तुमचं पाकीट कुठाय?’

…बघा. घराच्या सोडतीत आहे, तिथं नंबर लागत नाही. इथं गुण आला, तर मी साठांत नाही.