आईचा लाल ठिपका

...नाही, पण तुम्हीच सांगा मला, ज्याला आपल्याला लुबाडायचंय तो माणूस आधी आपल्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो का हो? करतो! मी या डोळ्यांनी पाहिलंय! दारात चपला काढल्या, त्याही जोडीनं, भिंतीला टेकवून, आत आला, कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि म्हणतो, "आई, उजवा पाय जपून टाकताय. गुडघा बोलायला लागला वाटतं?" झालं! इतक्या वर्षांच्या संसारात बाबांना जे दिसलं नाही ते या माणसाला उंबऱ्यातून दिसलं. आई जागच्या जागी विरघळली. त्याच क्षणी आमचा कॉम्प्युटर गेला असं समजा, बाकी सगळं नंतरचे विधी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या कॉम्प्युटरचं? तुम्हाला सांगते, त्याच्यावर माझा जीव टांगलेला होता. मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. म्हणजे छापखान्यात जाण्याआधी अक्षरं, ओळी, समास सगळं जागच्या जागी बसवायचं. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली केलं, पण या खेपेला छापखान्याच्या मालकांनी पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक माझ्या एकटीच्या हवाली केलं. नद्यांचा कोश! भूगोलाचे एक निवृत्त मास्तर, ऐंशी उलटलेले, आयुष्यभर नद्या गोळा करत बसले. जगातल्या नद्या, अकारविल्हे. रोज सकाळी त्यांचा फोन. "पोरी, आज कुठल्या अक्षरात वाहतेयस?" मी सांगायचे, "मास्तर, 'प' लागला." की ते समाधानानं खोकायचे. "लवकर कर हो. मला शेवटची नदी छापलेली बघायची आहे. मग मी मोकळा."

बघा! असं बोलतं का कोणी सकाळी सकाळी? मी आधीच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी उडते. त्यात हा माणूस 'मग मी मोकळा' म्हणणार!

आणि मेख अशी की ही पानं ज्या सॉफ्टवेअरमध्ये लावतात ते फार जुनं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. ते त्या एकाच मदरबोर्डाला ओळखतं. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती मोठी हिरवी पाटी, ज्यावर सगळं बसवलेलं असतं. ती बदलली की सॉफ्टवेअर दार उघडत नाही. पतिव्रताच म्हणा ना! आणि माझ्या फायली दुसऱ्या कशात उघडत नाहीत. म्हणजे बोर्ड गेला की सॉफ्टवेअर गेलं, सॉफ्टवेअर गेलं की नद्या आटल्या, नद्या आटल्या की मास्तर... नको, मी ते वाक्य पुरं करत नाही.

तर कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला म्हणून या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पहिल्या दिवशी काय सुंदर काम केलं म्हणता! सगळं उघडलं, बोर्ड बाहेर काढला, ब्रशनं दोन्ही बाजूंनी झाडला. "धूळ आहे ताई, बाकी काही नाही." आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात आई नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या आईला ठिपक्याचं वेड आहे. एकदा कुठल्याशा समारंभात तिची छत्री बदलली गेली. आपली चांगली गेली आणि काडी मोडलेली हातात आली. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका! छत्री, बादली, इस्त्री, कात्री, बाबांच्या चपला, बाबांचा चष्म्याचा डबा... बाबा स्वतः अजून सुटलेत, पण झोपताना ते जरा सावधच झोपतात. आणि ठिपका कुठे लावायचा? तर पालथ्या बाजूला, कोपऱ्यात. "चोर कधी वस्तू उलटी करून बघत नाही," हे आईचं तत्त्वज्ञान. तर बोर्ड टेबलावर पालथा पडलेला बघून तिला राहवेना. मी किंचाळले, "आई, तो कॉम्प्युटरचा आहे, त्याला रंग लावतात का?" "मग काय झालं? बाहेर काढलाय तर लावून घेते. पुन्हा कशाला उघडा?" टिंब! फुंकर मारली, वाळवला, मोकळी झाली. तो हात पुसत आला, बोर्ड बसवला, त्याचं लक्षही गेलं नाही. जाताना म्हणाला, "आई, जिना टाळा." दार लागल्यावर आई म्हणते, "माणूस चांगला आहे हो!"

पुढे आठवडाभर ठीक चाललं आणि ऐन 'भ'मध्ये पुन्हा पडदा काळा. त्याला फोन. तो आला, पोटाला कान लावल्यासारखं ऐकलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "ताई, आजार आतला आहे. न्यावा लागेल." मी विचारलं, "वाचेल ना?" म्हणजे बघा, माझी भाषासुद्धा कशी झाली होती! बाबांनी बॅटरी धरून त्याला रिक्षापर्यंत सोडलं. भर दुपारी! उन्हात! का, तर माणूस चांगला.

परत आणला तेव्हा म्हणतो, "बोर्ड जळाला होता. नवा टाकलाय." मी धीर करून विचारलं, "मग जुना?" तर आवाज खाली आणून म्हणतो, "कचऱ्यात टाकला ताई. जळका बोर्ड घरात ठेवू नये. विषारी असतो." आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "थँक्यू"! आपली वस्तू फेकून दिल्याबद्दल आभार मानणारी मी या पृथ्वीवरची पहिलीच बाई असेन. वर आईनं चहा. वर बिस्किटं.

तो गेला, मी बटण दाबलं. आतून एक असा चीत्कार आला की मी खुर्चीसकट मागे सरकले. मग पडदा उजळला. मग सॉफ्टवेअर उघडायला गेले तर ते सरळ म्हणतं, हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही, परवान्याचा आकडा द्या. अहो कुठून देऊ? आकडा देणारी माणसं दुकान बंद करून गेली! तेवढ्यात फोन वाजला आणि मी पुन्हा उडाले. मास्तर! "पोरी, आज कुठल्या अक्षरात?" मी म्हटलं, "'भ', मास्तर." "कालही 'भ' होता." "मोठं अक्षर आहे, मास्तर." भूगोलाच्या माणसाला तुम्ही 'भ' मोठा आहे म्हणून किती दिवस फसवणार? त्या नद्या त्यांनीच मोजल्या होत्या!

बरं, यानंतर या दुरुस्तीवाल्याचा फोन लागायचा बंद. लागलाच तर "ताई, गाडीवर आहे." सकाळी गाडीवर, संध्याकाळी गाडीवर. मला तर वाटायला लागलं, हा माणूस गाडीवरून उतरतच नाही. शेवटी मी ठरवलं, आज सुनवायचं. आरशासमोर उभं राहून तयारी केली. "तुम्ही आमचा विश्वासघात केलात!" मग वाटलं विश्वासघात जरा जड होतोय. "तुम्ही हे बरं केलं नाहीत!" हे चांगलं होतं, त्यात बोट नाचवायलाही जागा होती. फोन लावला. आणि नेमका पहिल्याच घंटीला उचलला हो त्यानं! "बोला ताई." मी इतकी दचकले, इतकी दचकले की तोंडातून काय निघावं? "तुम्ही... जेवलात का?" तो म्हणाला, "नाही ताई, गाडीवर आहे." आणि ठेवला. आई स्वयंपाकघरातून, "बिचारा उपाशी फिरतोय. माणूस चांगला आहे!"

तिकडे छापखान्याचे मालक. ते ओरडत नाहीत, हाच त्यांचा धाक. हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी पानं आली नाहीत तर मी काम दुसरीकडे देतो. त्यांना पहिल्यापासून टाइप करावं लागेल. वर्ष जाईल. मास्तरांकडे वर्ष आहे का, ते तू बघ." मी बघू? मी काय बघू! मी तीन रात्री नुसतं छताकडे बघत होते.

शेवटी बाबा म्हणाले, दुसरीकडे दाखवू. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे, अरुंद इतकं की गिऱ्हाईक आत आलं की दुकानवाल्या बाईंना श्वास आत घ्यावा लागतो. बाई एकदम कडक. हसणं वगैरे त्यांच्या दुकानात मिळत नाही. आई सोबत आली होतीच, गुडघे असूनही. बाईंनी कॉम्प्युटरची पेटी उघडली, आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "कोणी बसवला हा?" मी म्हटलं, "नवा आहे." "नवा? अहो ही गोधडी आहे! इथे भेग, इथे डिंक, इथे दुसऱ्याच बोर्डाचं ठिगळ. हा चालू झाला हेच उपकार." मी मट्कन खाली बसले. आई म्हणाली, "घाईत झालं असेल. बिचारा सारखा गाडीवर असतो." बाईंनी आईकडे असं पाहिलं की जणू आईलाही उघडून दुरुस्त करावं.

"या पेटीत दुसऱ्या जातीचा बोर्ड बसणार नाही," बाई म्हणाल्या, "हाच जुना नमुना शोधावा लागेल. मिळेल, पण तुमचं ते सॉफ्टवेअर उघडेल असं मी म्हणत नाही. त्याला तोच बोर्ड हवा. नमुना तोच म्हणजे बोर्ड तोच नव्हे." म्हणजे आशा म्हणून जे काही होतं ते बाईंनी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं. तरी शोधा म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि मी तर अख्ख्या नद्यांच्या कोशात बुडत होते!

शनिवारी बाईंचा फोन. "मिळाला. एका व्यापाऱ्याकडे होता. म्हणाला, घरगुती वापराचा आहे, एका सज्जन कुटुंबातला." मला वाटलं, असेल बाई कुठलं तरी आपल्यासारखंच कुटुंब.

गेलो. आई, मी, पेटी. बाईंनी कागदातून बोर्ड काढला, बसवण्याआधी फुंकर मारली, सहज उलटा केला... आणि आई ओरडली! अशी ओरडली की मी स्टुलावरून उतरले नाही, पडले, बाईंच्या हातातला चिमटा उडून पंख्याच्या जाळीत अडकला, समोरच्या दुकानातला माणूस धावत आला, "काय झालं, करंट लागला?" आई बोट दाखवून नुसती, "ठिपका! माझा ठिपका!"

कोपऱ्यात. पालथ्या बाजूला. लाल. त्याच्यावर आईच्या फुंकरीनं पडलेली सुरकुतीसुद्धा तशीच!

म्हणजे बघा, न जळलेला, न फेकलेला, माझा स्वतःचा बोर्ड त्या माणसानं विकला, आणि तो बाजार फिरून मीच विकत घेतला. सज्जन कुटुंबातला! ते सज्जन कुटुंब स्टुलाखाली पडलं होतं!

बाईंनी आतली एक सैल वायर घट्ट केली, "बंद पडायचा तो हिच्यामुळे, बोर्डाला काही झालंच नव्हतं," म्हणाल्या आणि बोर्ड बसवला. बटण दाबलं. चीत्कार नाही, काही नाही. मी डोळे मिटले. सॉफ्टवेअर उघडलं... एक प्रश्न न विचारता उघडलं! 'भ'मधली अर्धी राहिलेली नदी जिथे सोडली होती तिथेच, स्वल्पविरामावर उभी. मला रडूच आलं. बाई म्हणाल्या, "पोलिसांत जा." मी म्हटलं, "जातेच! आता काय दचकायचं राहिलंय?" आणि आई बोर्डाकडे पाणावल्या डोळ्यांनी बघत म्हणते, "बघ. तू उगाच त्याला नावं ठेवत होतीस. विषारी म्हणाला, तरी फेकला नाही. जपून ठेवला. माणूस चांगला आहे!"

मी पोलिसांत गेले नाही. सोमवार होता ना डोक्यावर! बसले आणि लावत सुटले. 'म', 'य', 'र'... मास्तरांचा फोन आला की मी वाहत्या आवाजात अक्षर सांगायचे आणि ते खोकायचे. सोमवारी शेवटची नदी लागली. मालक "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बरं' म्हणजे सोन्याचं पदक. मास्तरांनी शेवटचा कागद पाठवला, ऋणनिर्देश. मी मोठ्या उत्साहानं जुळवायला घेतला. पत्नीचे आभार. ग्रंथपालांचे आभार. आणि मग... "ज्यांनी संगणकाचा मूळ मदरबोर्ड जिवापाड जपला, त्या सज्जन दुरुस्तीकाराविना हा कोश पुरा होता ना."

मी उडाले. "आई! मास्तरांना काय सांगितलंस तू?" "जे झालं ते. त्यांनी त्याचा नंबर मागितला, आभार मानायला. दिला."

आता ऐंशी उलटलेल्या माणसाच्या पुस्तकातली ओळ कापायची? कशी कापू? मोकळे व्हायला बसलेत ते! मी जुळवली. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या दोनदा विकत घेतलेल्या बोर्डावर, आणि तुम्हाला सांगते, ओळ तुटू नये म्हणून समाससुद्धा नीट केला.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी फोन वाजला. मला वाटलं मास्तर. मी आनंदानं उचलला.

"ताई, पुस्तकात आमचा उल्लेख आलाय म्हणे? दोन प्रती बाजूला ठेवा, येऊन घेऊन जातो. आता गाडीवर आहे." आणि जरा थांबून, अगदी मनापासून, "आईंचे गुडघे कसे आहेत?"

काय सांगणार! म्हटलं, "बरे आहेत. चहाला थांबा."